शिखरे जागेवर, सरोवरे सरकलेली: लडाख आणि चांगथांगच्या जुन्या नकाशांविषयी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण पँगाँगच्या काठाने भटकंती करून आलात. परतल्यावर लडाख आणि त्याच्या पूर्वेचा तिबेटचा भाग दाखवणारा, एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणावर आधारलेला एक नकाशा मिळवलात आणि तो संगणकावर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहिलात. तेव्हा आपल्याला तीन गोष्टी दिसल्या: सगळा नकाशा तीन-चार किलोमीटर पूर्वेला सरकलेला आहे, तेवढे सरकणे काढून टाकले की काराकोरमची आणि लडाखची शिखरे जवळजवळ नेमकी बसतात, सरोवरांचे काठ मात्र तरीही बसत नाहीत, आणि पूर्वेकडे जावे तसतशी तफावत वाढत जाते. यावरून आपण विचारता, की त्या काळी सरोवरे निव्वळ अंदाजाने काढत असत का, आणि वेष पालटून तिबेटमध्ये गेलेल्या पंडित नैनसिंग यांच्यासारख्यांच्या पावलांनी केलेल्या मोजणीवर कितपत विश्वास ठेवावा.

माझे कामाचे आयुष्य भूमापनात, त्यातही बराचसा काळ हिमालयातल्या रस्त्यांसाठी आणि बोगद्यांसाठी त्रिकोणमापन (ठरलेल्या ठाण्यांवरून कोन मोजून जागा निश्चित करणे) करण्यात गेले. प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढण्याचा तिपाईवरचा फळा, प्रत्यक्ष वापरायला शिकलेल्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी मी एक, त्यामुळे जुन्या मोजणीदारांची पद्धत मला काही प्रमाणात हातून माहीत आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपण एक कागद पाहत असलात तरी त्यावर किमान तीन वेगवेगळ्या मोजण्या एकत्र आलेल्या आहेत आणि तिन्हींची अचूकता एकमेकींपासून फार दूर आहे. शेताच्या हद्दीचा वाद आला की जाणता मोजणीदार आधी विचारतो, की ही रेघ कोणत्या मोजणीतून आली. तोच प्रश्न या नकाशावरच्या प्रत्येक बिंदूला विचारावा लागतो. आपल्याला दिसलेल्या तीन गोष्टींची कारणे तीन निराळी आहेत.

पूर्वेला सरकण्याचे कारण सर्वांत सोपे आहे. हिंदुस्थानातल्या त्रिकोणमापनाचे सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या रेखांशावर टांगलेले होते. तो रेखांश जुन्या काळी ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद असा धरला जाई. पुढे तारायंत्राच्या साहाय्याने ग्रिनिचशी वेळ जुळवता आली, तेव्हा तो सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांनी जास्त असल्याचे निष्पन्न झाले. पँगाँगच्या अक्षांशावर रेखांशाचे एक मिनिट साधारण दीड किलोमीटरांहून किंचित जास्त भरते, म्हणजे ही एकच चूक पावणेचार किलोमीटरांच्या आसपास जाते, आणि तीही नेमकी पूर्वेच्या दिशेने. ती सगळ्या नकाशाला सारखीच लागू असल्यामुळे तिला मोजणीचा दोष म्हणता येत नाही. जुन्या नकाशांच्या समासात रेखांशातून अमुक मिनिटे वजा करावीत अशी टीप बहुधा छापलेली असते. आपल्या प्रतीत ती आहे का ते पाहावे. त्यानंतरही शंभर-दोनशे मीटरांचा फरक राहिला, तर तो पृथ्वीच्या आकाराचे तेव्हाचे आणि आजचे गणित वेगळे असल्यामुळेही असू शकतो. त्याची चिंता या प्रमाणावर करू नये.

आता शिखरांकडे येऊ. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आधाररेषा (त्रिकोणांची जमिनीवर मोजलेली पहिली बाजू) मोजून ज्या कामाला आरंभ केला, तेच पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले गेले. (ते काम उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये लॅम्ब्टन वारले, ते आपल्या हिंगणघाटला, वर्धा जिल्ह्यातल्या कित्येकांनाही हे ठाऊक नसते.) त्या त्रिकोणांची साखळी हिमालयापर्यंत पोचल्यावर १८५५ पासून सर्वेक्षणातले अधिकारी मॉन्टगोमेरी यांच्या हाताखाली काश्मीर आणि लडाखचे काम सुरू झाले आणि १८६४ पर्यंत चालले. १८५६ मध्ये मॉन्टगोमेरी यांनी काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावरून सुमारे २१० किलोमीटर दूर असलेली दोन शिखरे थिओडोलाइटने (कोन मोजण्याच्या दुर्बिणीच्या यंत्राने) वेधली आणि त्यांना के १ व के २ असे क्रमांक दिले. के २ हे नाव तेव्हापासूनच चालत आले आहे.

इतक्या लांबून वेधलेले शिखर नकाशावर जागच्या जागी कसे बसते, हे कोनाच्या हिशेबातून कळते. दोनशे किलोमीटरांवर एका सेकंदाचा कोन म्हणजे जेमतेम एक मीटर. चांगल्या थिओडोलाइटने, पुन:पुन्हा वाचन घेऊन, कोनातली चूक काही सेकंदांपर्यंत खाली आणता येते. तेव्हा तीन-चार ठाण्यांवरून एकच शिखर वेधले आणि त्या रेषा एकमेकींना बऱ्यापैकी रुंद कोनात छेदत असल्या, तर शिखराची जागा काही मीटर ते काही दशक मीटर इतक्या अचूकतेने ठरते. मोजणीदाराला त्या शिखराच्या पायथ्याशीही जावे लागत नाही. सीमा, नद्या, हिमनद्या आणि परवानग्या या सगळ्यांच्या वरून दृष्टिरेषा निघून जाते. म्हणूनच तिबेटच्या हद्दीत काही अंतरापर्यंतची ठळक शिखरेसुद्धा लडाखमधल्या ठाण्यांवरून बसवलेली सापडतात.

उंचीची गोष्ट मात्र वेगळी. दोनशे किलोमीटरांवर पृथ्वीच्या वक्रतेमुळे शिखर तीन किलोमीटरांहून जास्त खाली गेल्यासारखे होते, तर हवेतल्या वक्रीभवनामुळे, म्हणजे प्रकाशकिरण वाकल्यामुळे, ते चारशे मीटरांच्या आसपास वर उचलल्यासारखे दिसते. वक्रता गणिताने नेमकी काढता येते. वक्रीभवन हवेच्या घनतेवर आणि तापमानावर अवलंबून असते आणि विरळ हवेत ते मैदानातल्यापेक्षा कमी होते, त्यामुळे तिथे दहा टक्क्यांची गफलत झाली तरी उंचीत चाळीस मीटरांचा फरक पडतो. शिखराची जागा बरोबर आणि उंची थोडी चुकलेली, असे जुन्या नकाशांत आढळते ते यामुळे.

शिखर मोजणीला इतके सोयीचे का, तर ते टोकदार असते, लांबून दिसते, कोणत्याही बाजूने ओळखता येते आणि जागचे हलत नाही. सरोवराकडे या चारांपैकी एकही गुण नाही. ते खोलगट भागात असते, त्यामुळे सहा हजार मीटरांवरच्या ठाण्यावरूनही मधल्या डोंगरधारा त्याला झाकून टाकतात. दिसले तरी पाण्याच्या काठावर वेध घेण्यासारखा ठाम बिंदू क्वचितच सापडतो. एखाद्या ठाण्यावरून मातीची जी जीभ पाण्यात घुसलेली दिसते, तीच दुसऱ्या ठाण्यावरून सरळ किनाऱ्यासारखी दिसते, आणि दोन रेषा एकाच बिंदूच्या आहेत याची खात्री नसेल तर त्यांचा छेद निरुपयोगी ठरतो.

तरीही लडाखमधल्या, म्हणजे जिथे उघडपणे काम करता येत होते त्या भागातल्या, सरोवरांचे काम मन लावून झालेले आहे. याच सर्वेक्षणातले गॉडविन-ऑस्टेन यांनी १८६० व १८६१ मध्ये बाल्तोरोसह काराकोरमच्या हिमनद्या प्लेन टेबलवर उतरवल्या आणि १८६३ मध्ये ते पँगाँगच्या परिसरात आले. प्लेन टेबलची पद्धत अशी: त्रिकोणमापनाने ठरलेली शिखरे आधीच फळ्यावरच्या कागदावर मांडलेली असतात, मोजणीदार एखाद्या उंचवट्यावर जाऊन त्यांपैकी तीन शिखरांच्या साहाय्याने स्वतःची जागा शोधतो, मग दिसणाऱ्या प्रत्येक वळणाकडे रेघ ओढतो, पुढच्या उंचवट्यावर जाऊन त्याच वळणाकडे दुसरी रेघ ओढतो, आणि दोन रेघा छेदतील तिथे काठ बसतो. त्या कामाचे प्रमाण एका इंचाला चार मैल असे होते, म्हणजे पेन्सिलीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली जमिनीवरचे सव्वाशे मीटर झाकले जातात. कागदावर याहून बारीक काही सांगताच येत नाही, हे आपण तुलना करताना लक्षात ठेवावे. पँगाँगच्या पश्चिम भागात आपल्याला दिसलेली तफावत दोन-तीनशे मीटरांच्या आत असेल, तर ती पेन्सिलीची जाडी आणि पाण्याची पातळी यांतच संपते.

पाण्याच्या पातळीचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडायला हवा, कारण तुलना करणारे बहुतेक जण तो विसरतात. पँगाँग आणि त्याच्या पूर्वेची बहुतेक सरोवरे बंद खोऱ्यांतली आहेत. पाणी येते, पण वाहून जायला वाट नाही, त्यामुळे हिमवृष्टी आणि बाष्पीभवन यांच्या तोलावर पातळी वरखाली होते. उतार सपाट असला तर पातळीतल्या दोन-तीन मीटरांनी काठ किलोमीटरभर सरकू शकतो. पँगाँगच्या काठावर सध्याच्या पाण्याच्या बऱ्याच वर जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या दिसतात, आणि तिथल्या थरांत गोड्या पाण्यातले शिंपले सापडल्याची नोंद गॉडविन-ऑस्टेन यांनीच करून ठेवली आहे, म्हणजे हे सरोवर एके काळी भरून वाहत असले पाहिजे. उलट गेल्या काही दशकांत चांगथांगमधली, म्हणजे लडाखच्या पूर्वेच्या तिबेटी उंच पठारावरची, अनेक सरोवरे वाढली आहेत. १८६३ चा काठ आणि आजचे उपग्रहचित्र जुळत नसेल, तर दोन्ही बरोबर असणे पूर्ण शक्य आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मानसरोवराचे आहे. इंग्रज प्रवासी मूरक्रॉफ्ट १८१२ मध्ये तिथे पोचले, तेव्हा त्यांना मानसरोवरातून बाहेर पडणारा प्रवाह सापडला नाही. हेन्री स्ट्रॅची १८४६ मध्ये गेले, तेव्हा मानसरोवरातून शेजारच्या राक्षसताल सरोवराकडे जाणारा चांगला वाहता प्रवाह त्यांना ओलांडावा लागला. एकाने खोटे लिहिले असे समजून बरेच वाद झाले. वस्तुस्थिती अशी, की ती वाट पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी वाहते, कधी कोरडी पडते. नकाशावर मात्र एकतर निळी रेघ असते किंवा नसते.

आता आपल्या प्रश्नाचा खरा गाभा, म्हणजे पूर्वेकडे वाढत जाणारी तफावत. गॉडविन-ऑस्टेन यांना तिबेटमधल्या रुदोकच्या दिशेने पुढे जाण्यापासून तिबेटी अधिकाऱ्यांनी रोखले. परवानगी संपली तिथे थिओडोलाइट आणि प्लेन टेबलही संपले, आणि पुढचे काम मॉन्टगोमेरी यांनी तयार केलेल्या पंडितांकडे, म्हणजे वेष पालटून मोजणी करणाऱ्या हिंदी मोजणीदारांकडे, गेले. कुमाऊंतल्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंग रावत शाळामास्तर होते. त्यांना आणि त्यांच्या आप्तांना डेहराडूनला शिकवून व्यापारी किंवा यात्रेकरूच्या वेषात तिबेटमध्ये पाठवण्यात आले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवलेले असत; शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळ एकदा फिरली की दहा हजार पावले होत. दोन हजार पावलांचा मैल धरला तर एक माळ पाच मैलांची, आणि एक पाऊल पावणेबत्तीस इंचांच्या आसपास येते. कागद प्रार्थनाचक्रात, सेक्स्टंट (आकाशातल्या ज्योतींचे कोन मोजण्याचे साधन) पेटीच्या खोट्या तळाखाली, आणि पारा कवड्यांत भरून. हे सारे आपण वाचलेलेच असेल, कारण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण इथेच थांबतो. मोजणीदाराला खरे कुतूहल त्याच्या पुढचे असते: या साधनांनी काय मोजता येते आणि काय येत नाही?

अक्षांश मोजता येतो, आणि चांगला येतो. पारा लाकडी वाडग्यात ओतला की आरशासारखे कृत्रिम क्षितिज तयार होते. सेक्स्टंटने तारा आणि त्याचे पाऱ्यातले प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. अडचणी पुष्कळ आहेत. वाऱ्याने पारा थरथरतो. सेक्स्टंटचे अंकन साधारण १२० ते १३० अंशांपर्यंतच असल्यामुळे ६० ते ६५ अंशांहून उंच असलेला सूर्य मोजताच येत नाही, आणि त्या अक्षांशावर उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य ८० अंशांच्या आसपास असतो. म्हणून उन्हाळ्यात काम ताऱ्यांवर, आणि तेही इतरांची नजर चुकवून. पण एवढे सांभाळले की चूक एखाद्या मिनिटाच्या आत राहते, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. १८६६ च्या जानेवारीत नैनसिंग ल्हासाला पोचले. तिथे त्यांनी काढलेला अक्षांश आजच्या आकड्याशी मिनिटभराच्या आत जुळतो.

रेखांश मात्र मोजता येत नाही. रेखांश म्हणजे वेळेतला फरक. चार मिनिटांना एक अंश. घड्याळ एक मिनिट चुकले, तर त्या अक्षांशावर जागा तेवीस किलोमीटर सरकते. महिनोन्‌महिने थंडीत, घाटांच्या चढउतारावर हिंदकळत जाणारे घड्याळ मिनिटभरही चुकू नये ही अपेक्षाच व्यर्थ आहे. चंद्राच्या किंवा गुरूच्या उपग्रहांच्या वेधांवरून रेखांश काढण्याचे मार्ग होते, परंतु त्यांना चांगली दुर्बीण, स्थैर्य आणि निवांतपणा लागतो. वेषांतर करून हिंडणाऱ्या माणसाकडे यांतले काहीच नसते. तेव्हा पूर्व-पश्चिम अंतरासाठी भरवसा राहिला तो पावलांवर आणि होकायंत्रावर.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. वाट उत्तर-दक्षिण जात असेल, तर दर काही मुक्कामांनी घेतलेला अक्षांश पावलांची परीक्षा घेतो: पावलांनी शंभर मैल म्हटले आणि अक्षांशांच्या फरकातून सत्त्याण्णव निघाले, तर पावलाची लांबी सुधारून घेता येते. वाट पूर्व-पश्चिम जात असेल, तर अक्षांश जवळजवळ बदलतच नाही आणि पावलांवर कोणाचाच अंकुश राहत नाही. नैनसिंगांचा १८७४ चा प्रवास नेमका असा होता. त्या जुलैमध्ये सर्वेक्षणातले कॅप्टन ट्रॉटर यांनी त्यांना लेहहून रवाना केले. लेहचा रेखांश साडेसत्त्याहत्तर अंशांच्या आसपास आणि ल्हासाचा एक्क्याण्णव, म्हणजे वाटेचा मोठा भाग पूर्वेकडे, पँगाँगच्या काठाने आणि पुढे चांगथांगच्या सरोवरांच्या रांगेतून. सामान मेंढ्यांच्या पाठीवर, एकेकीवर वीस-पंचवीस पौंडांचे ओझे. शंभर मैलांना एक मैल, एवढीच चूक पावलांत राहिली असे मानले, आणि मी ती उत्तम मोजणी म्हणेन, तरी दोनशे किलोमीटरांवर ती दोन किलोमीटर होते. त्याच दोनशे किलोमीटरांवर थिओडोलाइटची चूक काही मीटरांत होती. आपल्याला दिसलेली तफावत या दोन आकड्यांमधल्या दरीतून आलेली आहे.

पावलाची लांबी कशाने बदलते, याविषयी थोडे सांगतो, कारण पावलांनी मोजणे म्हणजे गावठी प्रकार असा समज दिसतो. प्राथमिक पाहणीसाठी आम्हीही पावले मोजत असू. चढावर पाऊल आखूड होते, उतारावर लांब, वाळूत आणि बर्फात पुन्हा आखूड. दिवसाच्या अखेरीस दमल्यावर आणखी आखूड. पंडितांना चढ असो वा उतार, पाऊल एकसारखे टाकण्याची तालीम देण्यात आली होती. एकदा ती अंगवळणी पडली की उरलेली चूक बरीचशी सारख्या प्रमाणात राहते, आणि सारख्या प्रमाणातली चूक दोन्ही टोके ठाऊक असली की वाटून टाकता येते. लेहची जागा त्रिकोणमापनाने पक्की होती, ल्हासाची आधीच्या प्रवासावरून ठरलेली होती, आणि मधली वाट या दोहोंत ताणून बसवली गेली. अशा वाटेत टोके बरी असतात आणि मधला भाग सर्वांत कच्चा असतो. आपला नकाशा या वाटेचा पश्चिम भागच दाखवत असल्यामुळे आपल्याला तफावत फक्त वाढतानाच दिसली; ल्हासापर्यंतचा नकाशा पाहिलात तर ती पुढे कमी होत गेलेली दिसणे अपेक्षित आहे.

पंडितांपैकीच किशनसिंग यांनी तर पुढच्या एका दीर्घ प्रवासात, घोड्यावर बसणे भाग पडले तेव्हा, घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजली. घोडा एका चालीने चालत असेल तर मला ही पद्धत मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

पण हे झाले वाटेचे. सरोवराचा आकार हा वाटेहून निराळा प्रश्न आहे, आणि इथे वेषांतराची किंमत मोजावी लागली. सपाट काठावर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरांवर असतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याला पाण्याचा पृष्ठभाग पाच किलोमीटरांपर्यंतही पुरता दिसत नाही. त्यापलीकडचा सखल काठ क्षितिजाखाली जातो आणि दिसतात ते फक्त मागचे डोंगर. साहजिकच पलीकडचा काठ त्या डोंगरांच्या पायथ्याशी मांडला जातो आणि मधले मैदान पाण्यात जमा होते. शंभर मीटर वर चढले की तेच क्षितिज पस्तीस किलोमीटरांवर जाते. सर्वेक्षण अधिकारी टेकडीवर चढून फळा मांडू शकत होता. यात्रेकरू मात्र कारण नसताना वाट सोडून टेकडीवर चढला, की धनगरांना पहिला संशय तिथेच येतो.

त्यात लडाख-तिबेटची हवा इतकी स्वच्छ, की अंतराचा अंदाज हमखास फसतो. समोरचा काठ किती दूर, असे नवख्या मोजणीदाराला विचारले तर तो निम्मेच अंतर सांगतो, हे मी वारंवार पाहिले आहे. काठावर दोन किलोमीटरांची पावलांनी मोजलेली आधाररेषा धरून होकायंत्राने पलीकडचा खडक वेधता येतो. परंतु सरोवर दहा किलोमीटर रुंद असेल, तर कोनात एक अंशाची चूक झाली तरी रुंदीत जवळजवळ किलोमीटरभर फरक पडतो, आणि हातातल्या होकायंत्राने चोरून घेतलेल्या वेधात एक अंश काहीच नाही. म्हणून पंडिताने ज्या बाजूने वाट काढली त्या बाजूचा काठ विश्वसनीय असतो आणि समोरचा शंकास्पद. आपण सरोवराच्या दोन्ही काठांची तफावत वेगवेगळी मोजून पाहावी. हा फरक बहुधा ठळक दिसेल.

याला चांगथांगच्या भूरचनेची भर पडते. कुमाऊंत किंवा काश्मीरमध्ये नदी हा नकाशाचा कणा असतो. पाणी खाली जाणार आणि मोठ्या नदीला मिळणार हे निश्चित असल्यामुळे दोन दिसलेल्या तुकड्यांच्या मधला न दिसलेला तुकडा जोडता येतो. बंद खोऱ्यांच्या प्रदेशात ओढा कुठल्याशा खाऱ्या दलदलीत संपतो आणि पुढच्या डोंगरधारेपलीकडे तिसरेच सरोवर असते. पंडितांच्या नोंदी डेहराडूनला आल्यावर नकाशा दुसऱ्याच माणसांनी काढला. पाहिलेली रेघ अखंड आणि ऐकलेली किंवा अनुमानाची रेघ तुटक, हा संकेत चांगले नकाशाकार कसोशीने पाळत, पण पुनर्मुद्रणात तुटक रेघा कधी कधी अखंड होतात. यासाठी मूळ आवृत्ती पाहणे बरे.

उंचीविषयी आपण ओझरते विचारले आहे. पंडितांची उंची पाणी कोणत्या तापमानाला उकळते त्यावरून काढलेली असे. साधारण तीनशे मीटर वर गेले की उत्कलनबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरतो, म्हणजे तापमापकात दशांश अंशाची चूक तीस मीटरांची होते. शिवाय त्या उंचीवर हवामानामुळे दाब पाच मिलिबारने जरी बदलला, तरी साठ-पासष्ट मीटरांचा फरक पडतो. किशनसिंग १८७१-७२ च्या मोहिमेत तेंग्री नोर, म्हणजे आजच्या नकाशांतले नामत्सो, येथे गेले. सरोवर गोठलेले होते, आणि पुढे दरोडेखोरांनी त्यांच्या तुकडीला लुटले. तरीही सरोवराची उंची सुमारे १५,२०० फूट, लांबी सुमारे ५० मैल आणि रुंदी १६ ते २५ मैल, असे आकडे त्या मोहिमेतून आले. आज उंची ४,७१८ मीटर, म्हणजे १५,५०० फुटांना थोडी कमी मानली जाते, आणि लांबी-रुंदी साधारण ७० आणि ३० किलोमीटर. उंचीतली चूक नव्वद मीटरांच्या आत, आणि आकार जो चुकला तो मोठ्याच बाजूने. वर सांगितलेल्या कारणांवरून नेमकी हीच अपेक्षा करावी.

तेव्हा आपल्या थेट प्रश्नाला माझे उत्तर असे: सरोवरे अंदाजाने काढलेली नाहीत, मात्र त्यांच्या काठाचा बराच भाग एकाच बाजूने, खालून आणि चोरून पाहिलेला आहे. पंडितांच्या अक्षांशावर मी निःशंक विश्वास ठेवीन, त्यांच्या पूर्व-पश्चिम अंतरावर टक्का-दोन टक्के सूट देऊन ठेवीन, उंचीवर शंभर मीटरांची, आणि न चाललेल्या काठाच्या आकारावर स्वतंत्र पुराव्यावाचून ठेवणार नाही. हे प्रमाण मोहिमेनुसार बदलते. लुटला गेलेला, आजारी पडलेला किंवा घाईने निघावे लागलेला माणूस तितकेच मोजू शकत नाही, आणि त्याच्या नोंदींत ते दिसते.

तुलना पुन्हा करताना सरोवराचा काठ हा आधार मुळीच धरू नये. ज्या शिखरांशेजारी त्रिकोणाची खूण आणि उंचीचा आकडा आहे, अशी किमान चार शिखरे नकाशाच्या चारही बाजूंना निवडून त्यांवर नकाशा बसवावा. मग पंडितांच्या वाटेवरचे घाट आणि वस्त्या तपासाव्यात आणि त्यांची उत्तर-दक्षिण तफावत व पूर्व-पश्चिम तफावत वेगळी लिहून काढावी. पहिली लहान आणि दुसरी मोठी निघाली, तर वरचे विवेचन आपल्या नकाशाला लागू आहे असे समजावे. सरोवरांसाठी कातळाची टोके आणि डोंगरकडे पाण्यात उतरतात ती ठिकाणेच घ्यावीत. सपाट, चिखलट काठ सोडून द्यावेत. नकाशाचे प्रमाण, छपाईचे वर्ष आणि समासातली रेखांशाची टीप कळवलीत, तर कोणता भाग कोणत्या मोजणीतून आला असावा, ते मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.